मॅडम, थांबाचं कसं?

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. नागपुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी लॅबच्या दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या पोरांना मी उन्हात उभं केलंय... तरी हे लिहितेय.

शनिवारी सकाळी मी सिलॅबसबाहेरचा एक तास घेते — दुसऱ्या ताऱ्यापर्यंत यान कसं न्यायचं. त्यात माझी एक खोडी आहे. फळ्यावर सगळं इंधन वेग वाढवण्यातच संपवून टाकते आणि गप्प उभी राहते. अवकाशात ब्रेक नसतात. अर्ध्या वाटेत यान उलटं फिरवून इंजिन पुढच्या दिशेनं चालवावं लागतं, त्यासाठी इंधन राखावं लागतं. पण पोरं वेगाच्या आकड्यावरच खूश!

गेल्या वर्षी श्वेतलच्या मात्र लक्षात आलं. मौद्याहून बसनं यायची, दुसऱ्या बाकावर बसायची. हात वर न करताच बोलली, "मॅडम, पोचलो, पन थांबाचं कसं?" मी भर वर्गात टाळ्या वाजवल्या.

त्याच हिवाळ्यात ती न्यूमोनियानं गेली. शेवटचे दिवस घशात नळी, बोलताच आलं नाही. एवढी बडबडी पोरगी... मला अजून सहन होत नाही.

यंदा बॅच नवीन, तिला ओळखणारं कुणीच नाही. मी तीच चूक केली, गप्प राहिले. लाईट गेलेली, कूलर बंद, वर्ग चिडीचूप. आणि दुसऱ्या बाकावरून — रिकाम्या बाकावरून — तिचाच आवाज. "मॅडम, पोचलो, पन थांबाचं कसं?"

भास झाला म्हटलं असतं, पण सगळ्या पोरांनी माना वळवल्या होत्या. पुढची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कोन बोललं? तिथं तर कोनीच नाही!" मी पोरांचे मोबाईल तपासले, व्हरांडा पाहिला, सगळ्यांना दरडावलं. काही नाही.

काही दिवसांनी श्वेतलचे वडील लायब्ररीचं पुस्तक परत करायला आले. मला राहवलं नाही, सांगून टाकलं. वाटलं, चिडतील. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, दम लागून राहिला होता का तिले?"

"नाही दादा. आवाज खणखणीत होता. नेहमीसारखी घाईत होती."

गळ्यातल्या दुपट्ट्यात तोंड लपवून ते ढसाढसा रडले. मीही रडले.

"शनिवारी येऊ का मी? मांगं बसतो. कोनाले तरास नाही देत."

आले. मी फळ्यावर चूक केली आणि थांबले... खूप थांबले. वर्गात फक्त कूलर घरघरत होता, तोही मी बंद करायला लावला. तास संपल्यावर ते उठले, "जय भीम मॅडम" म्हणाले आणि गेले.

हे कसं झालं, मला आजही माहीत नाही. विज्ञानाकडे उत्तर नाही, देवाधर्माकडे मी विचारत नाही. फक्त राग येतो. यायचाच होता तो आवाज, तर माझ्या कानी कशाला? बापाच्या कानी का नाही?