मावशीच्या टाचेवरचा डाग

हे ऐकणारे पहिले तुम्हीच. बायकोलासुद्धा ठाऊक नाही. कुठून सुरुवात करू? मावशीपासूनच करतो.

आई लहानपणीच गेली; आदिलाबादजवळच्या तलमडुगू गावातल्या मावशीनं मला वाढवलं. दिवसभर कापूस वेचून आली तरी माझ्यासाठी गरम भाकरी थापायची, आणि मी अर्धी टाकली की माझ्या बापाच्या सात पिढ्या काढायची. चपलेचा तिला जन्माचा कंटाळा. काटा रुतला की बिब्ब्याचा चटका द्यायची; टाचा काळ्या डागांनी भरलेल्या.

मी आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात कातडीचे फोटो काढायचो. दिवा लावलेलं भिंग, मागे कॅमेरा; कातडीवर टेकवला की आतला रंग दिसतो. तळपायाचं डॉक्टरांनी शिकवून ठेवलं होतं — काळं रेघांच्या खाचांत असलं तर बहुतेक साधा तीळ, उंचवट्यांवर असलं तर कॅन्सरची शंका, लगेच हैदराबादला पाठवायचं.

दवाखान्याच्या एका तपासणी शिबिरात मावशी हसत आली, टाच पुढे केली. मी भिंग टेकवलं. काळं उंचवट्यांवर होतं.

"काऊन रे चूप बसला? बिब्ब्याचाच डाग हाय नं?"

"हो वं मावशे, बिब्ब्याचाच."

का म्हणालो? आदिलाबाद जिल्हा तोडून चार जिल्हे होत होते, त्याच आठवड्यात आम्हा कर्मचाऱ्यांपैकी कोण कुठल्या जिल्ह्यात जाणार याच्या याद्या लागणार होत्या. हैदराबादला तिच्यासोबत मलाच जावं लागलं असतं — आणि मागे माझं नाव दूर बेल्लमपल्लीकडे ढकललं असतं तर? इथे नवं घर बांधत होतो. एवढंच. तिच्या जिवापुढे एवढंच! डॉक्टर संध्याकाळी सगळे फोटो बघायचे, म्हणून तिच्या टाचेचा फोटो मी पुसून टाकला. यादी लागली की तिला बोलावू, असं मनाला सांगितलं. यादी लागली, मी आदिलाबादलाच राहिलो. बोलावलं? नाही — इतके दिवस काय करत होतास, असं कुणी विचारलं तर?

पाच महिन्यांनी ती आपणहून आली, टाच चिघळलेली. मी पहिल्यांदाच बघितल्यासारखा फोटो काढला. पाऊल घोट्यापासून काढावं लागलं.

मावशी आहे अजून. कुबडी बाजूला ठेवून अंगणात भाजी निवडत बसते. माझा फार जीव आहे तिच्यावर; हे सांगायचीही लाज वाटते. कुणी आलं की ती कौतुकानं सांगते, "माह्या भाच्याच्या यंत्रानं धरलं म्हून वाचली मी." लोक माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालतो. मावशी हसून म्हणते, लहानपणापासून असाच लाजाळू हाय.