शेवंतीचा तंग

घरात घोडे असले की माणसांचे किस्से वेगळे साठवावे लागत नाहीत. ते घोड्याच्या नावावर आपोआप जमा होतात. अनसिंगला माझ्या मामांच्या घरी शेवंती नावाची घोडी आहे. एम.ए. होईपर्यंत प्रत्येक सुटीत मी नागपूरहून तिथे जात असे आणि परतताना तिचे दोन-तीन किस्से बरोबर आणत असे. वसतिगृहातील मित्रांना ते इतके पाठ झाले की सांगताना तेच मला दुरुस्त करू लागले. म्हणून गेल्या वर्षाचे किस्से लिहूनच ठेवतो. जे मी पाहिले नाही, ते ऐकीव आहे असे स्पष्ट सांगेन.

आधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. बापूमामांचा उजवा पाय तरुणपणी विहिरीच्या कामात मोडला आणि आखूडच राहिला. त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा नाल्यापलीकडे आहे. शेवंती आहे म्हणून ते मळ्यात जातात. ती गेली तर त्यांना ओटा आणि वर आभाळ, एवढेच उरेल. घरातले सर्वजण हे जाणतात. बोलत मात्र कोणी नाही.

*

पहिला किस्सा ऐकीव आहे. खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळून धरणारा पट्टा, म्हणजे तंग, एके दिवशी पुरेना. मामांनी ओढून पाहिले, गुडघा लावून पाहिले, पण बक्कल आणि छिद्र यांची भेट होईना. पावसाने चामडे आटले असा निष्कर्ष काढून त्यांनी तो तेलात भिजवला, उन्हात ताणला आणि त्याला दगडही बांधून पाहिला. शेवटी बाजारच्या दिवशी खोगिरे शिवणारे इमामभाई वाशीमहून आले, तेव्हा त्यांच्यापुढे तक्रार मांडली.

इमामभाईंनी तंग हातात घेतला, मग घोडीकडे पाहिले, आणि शांतपणे विचारले, "चमडा आटला म्हंता, त मंग लगाम काहून नाई आटला?"

मामांनी लगाम हातात घेऊन पाहिला.

"बापू, पेढे वाटा. घोडी गाभन हाय."

*

शिंगरू जन्मले, पण जगले नाही. शेवंतीने त्यानंतर चंदीच्या खुराकाला तोंड लावणे जवळजवळ सोडले. मी दिवाळीत गेलो तेव्हा तिच्या बरगड्या दुरून दिसत होत्या, आणि पावसाळ्यात न पुरणारा तोच तंग आता शेवटच्या घरावरही, म्हणजे छिद्रावरही, सैल लोंबत होता. मी मामांना सुचवले की तो कापून आखूड करावा.

"कापला म्हंजे थे आता भरनार नाई, असं आपनच ठरोलं," मामा म्हणाले. "थे काम मी नाई करत."

त्याऐवजी त्यांनी खोगिराखाली घोंगडीच्या घड्या घातल्या. बाजारात, बरोबर गुळाच्या दुकानासमोर, त्या घड्या एका बाजूने सरकल्या, खोगीर फिरून पोटाखाली गेले, आणि त्याच्याबरोबर मामाही. लोक हसले. घोडी मात्र, पाय उचलला तर ते तुडवले जातील या भीतीने, जागच्या जागी उभी राहिली होती. निदान मला तसे वाटले.

मामांनी तिच्या पायांमधून वर पाहिले. "तुले त लागलं नाई ना, माय?"

*

हा प्रकार ऐकून मोठेमामा, म्हणजे बापूमामांचे थोरले बंधू, यांनी घोडी विकण्याचा निर्णय जाहीर केला आणि मंगरूळपीरच्या जनावरांच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. घरात त्यांचा शब्द चालतो. भावाची मान मोडण्यापेक्षा त्याने ओट्यावर बसावे, हा त्यांचा विचार वाईट हेतूचा नव्हता, हे मला नमूद केले पाहिजे.

अडचण मामींची होती. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचे नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून मामी डोक्यावरचा पदर पुढे ओढून तबेल्याच्या दाराशी गेल्या आणि मोठेमामांना ऐकू जाईल अशा आवाजात घोडीशी बोलू लागल्या.

"शेवंते, तुले इकाले काढलं बाई. मानूस बिमार पडला त त्याले बी इकतात काय, इचार बरं."

मोठेमामा ओट्यावर पान लावत होते. त्यांनीही मान न वळवता घोडीलाच उत्तर दिले. "शेवंते, मानसावर बसून कोनी मळ्यात जात नाई, म्हनाव."

"शेवंते, घरधन्याले दिवसभर ओट्यावर बसवून पागल करनार काय, इचार."

घोडीचा एक कान तबेल्याकडे आणि एक ओट्याकडे. मोठेमामांनी सुपारी कातरली. व्यापाऱ्याला धाडलेला निरोप मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

*

पुढच्या बाजाराच्या दिवशी आलेल्या इमामभाईंनी घोडीच्या पोटावरून तळवा फिरवला आणि चामड्याचा तंग बाजूला टाकला. "हाडावर हे नाई चालनार. कापून देईन मी, पन चार दिवसात जखम होईन. रुंद पायजे, नरम पायजे, सुती पायजे. भरली की मंग चमडा." असा तंग बाजारात मिळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी माहेराहून आलेल्या आपल्या पलंगाची नवार उसवताना दिसल्या. मुक्कामाला थांबलेल्या इमामभाईंनी त्या रुंद सुती पट्टीचे दोन पदर एकावर एक शिवले आणि दोन्ही टोकांना जुनी बक्कले बसवली. शेवंतीने पहिल्यांदाच तंग बांधताना कान मागे पाडले नाहीत.

संध्याकाळी मोठेमामा माजघरात डोकावले. भिंतीशी पलंगाचा नुसता सांगाडा उभा होता. ते तबेल्यापाशी आले.

"शेवंते, घरातला पलंग कुठं गेला?"

आतून मामींचा आवाज आला. "सांग बाई, पोटाखाली हाय म्हनाव."

*

व्यापारी आला त्या दिवशी मी ओट्यावरच होतो. मनुष्य सभ्य होता. त्याने घोडीचे दात पाहिले, खूर पाहिले, आणि खोगीर चढवून दाखवा म्हणाला.

बापूमामा उठले नाहीत. ते जमिनीकडे पाहत बसून राहिले. मामी दाराआड होत्या.

शेवटी मोठेमामांनी स्वतः खोगीर उचलले. माझ्या आठवणीत त्यांनी शेवंतीला यापूर्वी कधी हात लावलेला नव्हता. खोगीर पाठीवर ठेवून ते तंग आवळण्यासाठी खाली वाकले. शेवंतीने मान वळवली आणि आपली हनुवटी त्यांच्या पाठीवर टेकवली, जशी ती रोज बापूमामांच्या पाठीवर टेकवते.

मोठेमामा तसेच वाकलेले राहिले. तंग आवळून झाला होता, तरी राहिले.

"मालक, भाव बोलू काय?" व्यापाऱ्याने विचारले.

"कायचा भाव?" मोठेमामा खालूनच म्हणाले.

"घोडीचा."

"घोडी इकाऊ नाई. तंग पाहाले बोलावलं तुमाले."

"तंग पाहाले? मंगरूळपीरहून?"

"हो. तुमी रोज जनावरं पाहता. कसा वाटते, सांगा."

व्यापाऱ्याने एकदा बापूमामांकडे पाहिले, एकदा दाराकडे. मग तो पुढे आला, घोडीच्या शेजारी बसला आणि तंगाखाली दोन बोटे घालून पाहिली.

"तंग एक घर ढिला करा," तो म्हणाला. "श्वास घेऊ द्या तिले."

मोठेमामांनी तंग एक घर ढिला केला.