बावड्यात भरलेली कॅसेट

पुण्याहून सकाळी निघालेली एस.टी. दुपारी कोल्हापूरच्या स्टँडवर टेकली तेव्हा माझ्या मांडीवर टेपरेकॉर्डर होता आणि मांडीला मुंग्या आल्या होत्या. शेजारचे फेटेवाले आजोबा कराडपासून त्या यंत्राकडे बघत होते.

"पावणं, कुणाचं भाषण हाय काय त्यात?"

"नाही, गाणं भरून घ्यायचंय."

"मग आमच्या कोडोलीच्या भजनाचं घ्या की. लई जोरात हाय," असं म्हणून ते पिशवी उचलून उतरले.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. आम्ही चौघं पुण्यात हेवी मेटल वाजवायचो. म्हणजे कर्कश गिटार, दणदणीत ड्रम्स आणि शेजाऱ्यांच्या शिव्या. त्या गदारोळावर मला ख्याल गाणारा आवाज हवा होता, आणि तोही एकाच माणसाचा. ज्यांच्याकडे मी सहा वर्षं गाणं शिकलो आणि गिटारपायी ज्यांना सोडून गेलो, त्या बुवांचा. त्यांच्या मुलीचं, शालनताईचं, पत्र आलं होतं. बुवांच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी मिरजेला ऑपरेशन, आणि नंतर आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. 'बोलतायत तोवर भेटून जा,' असं तिनं लिहिलं होतं. मी भेटायला निघालो आणि सोबत कॅसेट घेतली. खरं सांगायचं तर कॅसेटसाठी निघालो आणि सोबत भेट होती.

स्टँडसमोर मिसळ खाल्ली. कट (मिसळीवरचा लाल रस्सा) वाढणाऱ्यानं "सोसंल काय?" असं विचारलं, मी ऐटीत हो म्हणालो आणि कसबा बावड्याच्या बसमध्ये बसेपर्यंत नाक पुसत राहिलो. बावड्यात साखर कारखान्याचं गाळप जोरात होतं. मळीचा (साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाचा) आंबूस वास, उसाच्या बैलगाड्यांची लांब रांग, पायाखाली चिपाडं. बुवांचं घर त्या रांगेच्या टोकाला होतं.

बुवा खाटेवर बसले होते. अर्धे राहिले होते.

"आलास? काय आणलंयस ते ऐकव," ते म्हणाले. आवाज घोगरा, पण हुकूम जुनाच.

"आधी च्या टाकतो," शालनताई म्हणाली. (कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, पुरुषासारखं.)

बुवांनी हेडफोन लावून आमचं सगळं वादन शेवटपर्यंत ऐकलं. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"ठोकणारा लयीला पक्का हाय," ते म्हणाले. "आणि गुरगुरतोय तो तू?"

"गिटार आहे, बुवा."

"गुरगुरण्यालाबी षड्ज हाय. बरं. गातो."

मला इतका आनंद झाला की मी पायाही पडलो नाही, थेट माईक जोडायला बसलो; आधीचं वादन कानात ऐकवत त्याच कॅसेटवर नवा आवाज भरून घेणारं ते यंत्र होतं. शालनताई तंबोरा घ्यायला उठली.

"तंबोरा नको, ताई. कॅसेटमध्ये सूर भरलेलाच आहे. काळी एक."

पेटीची पहिली काळी पट्टी हा बुवांचा आयुष्यभराचा सूर. गवयाच्या साथीला बसणारा माणूस, मग तो काल शिकायला लागलेला तबलजी का असेना, आधी एकच गोष्ट विचारतो: सूर कुठला? मी विचारलं नाही. मला माहीत होतं ना. ताई तंबोऱ्यावर हात ठेवून थांबली, तिनं बुवांकडे पाहिलं. बुवांनी मानेनंच तिला बस म्हणून सांगितलं.

ते गायला लागले. ड्रम्स आणि गिटार फक्त त्यांच्या कानात वाजत होते. खोलीत आम्हाला नुसता त्यांचा आवाज ऐकू येत होता. खालचे स्वर भरून आले. मग ते वरच्या षड्जाकडे निघाले आणि कापड टरकावं तसा गळा फाटला. ते थांबले नाहीत. पुन्हा गेले, पुन्हा फाटला. तिसऱ्या वेळी त्यांनी पंचा तोंडाला लावला आणि पंच्यावर रक्त दिसलं.

"वर्ष झालं, त्यांचा सूर पार खालच्या पांढरी पाचवर उतरलाय," ताई पंचा बदलत म्हणाली. "तंबोरा तिथंच लावलेला हाय. विचारायचं न्हाईस व्हय रे?"

"बुवा, तुम्ही तरी सांगायचं," मी म्हणालो.

"तुझं यंत्र खाली येणार हुतं काय?" ते कुजबुजले.

मी ऑपरेशन होईपर्यंत राहिलो. बुधवारी मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या हातात पाटी होती. त्यांनी लिहिलं: 'षड्ज लागला का?'

"लागला," मी म्हणालो. त्यांनी पाटी पुसली आणि डोळे मिटले. त्यांना ते पटलं की नाही, मला कळलं नाही. संध्याकाळची गाडी पकडून मी पुण्याला आलो.

आमच्या ड्रमरनं, दिलीपनं, कॅसेट ऐकली आणि फाटलेल्या जागेवर परत मागे नेली. "हे कसं काढलं रे म्हाताऱ्यानं? असं ओरडता यावं म्हणून लोक घसा खरवडून घेतात. हीच जागा चार वेळा घेऊ."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. मलाही ती जागा आवडली होती, आणि याची लाज मला आजही वाटते.

ते गाणं आम्ही एकदाच, एका कॉलेजच्या हॉलमध्ये वाजवलं. बुवांचा आवाज स्पीकरमधून आला आणि पोरं बाकांवर चढून ओरडायला लागली. दोन संगीतांचा मेळ झकास बसला, असं नंतर सगळे म्हणाले. चौथ्यांदा ती जागा आली तेव्हा माझी बोटं तारांवर थांबली. कॅसेट थांबली नाही. बुवा गात राहिले, फाटलेल्या गळ्यानं, मी ठरवलेल्या सुरात.