उभ्यानं म्हणायचं गाणं

सेतुराव एरवी मांडी घालून गायचे; पण ते एक गाणं आलं की गुडघे कुरकुरत असले तरी उठून उभे राहायचे. "जिंकल्याचं गाणं बसून म्हणतात काय हो?" म्हणत मलाही उठवायचे. मी साताऱ्याहून इकडे तमिळ मुलखात, गिंडीत नोकरीला आलेली, त्यांची खालच्या मजल्यावरची भाडेकरू आणि गाण्यातली ढ शिष्या. मीही उठायचे.

त्यांच्या कुणा पूर्वजानं तंजावरच्या मराठा फौजेबरोबर एक किल्ला घेतला होता, त्या विजयावर रचलेलं ते आरभी रागातलं गाणं. घराण्यातलं एकही लग्न त्यावाचून लागलं नव्हतं. रावांचं मराठी जुन्या तंजावरी वळणाचं, 'सगळं'ला ते 'अस्क' म्हणत. "अस्क किल्ला आम्हीच घेतलों," हे सांगताना छाती अशी फुगायची, जणू परवाच घेऊन आलेत!

आणि त्यांच्या लेकीनं, मालतीनं लग्न ठरवलं ते नेमकं त्याच किल्ल्याच्या गावातल्या तमिळ घरात. "अप्पा, त्यांच्या तोंडावर त्यांच्याच पराभवाचं गाणं नका हो म्हणू," तिनं विनवलं. राव बरं म्हणाले खरे, पण त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. पूर्वजांना आता काय तोंड दाखवू, असं मला विचारत राहायचे. मला फार वाईट वाटायचं; पण मालतीचंही काही चुकत नव्हतं.

एग्मोरच्या लग्नाच्या हॉलमध्ये मुहूर्ताआधी नवऱ्या मुलाची आजी काठी टेकत उठली. आमच्या घरची रीत आहे म्हणाली आणि तमिळमध्ये खणखणीत गाऊ लागली. चार ओळी ऐकून रावांनी माझा हात गच्च दाबला. तीच लढाई, तोच किल्ला. फक्त हिच्या गाण्यात तंजावरची फौज धूम पळाली होती. मालतीनं कपाळाला हात लावला. राव मात्र आजीचं संपेपर्यंत अदबीनं उभे राहिले आणि मग दुप्पट जोरात आपलं म्हणाले. आजीनं ते हसत हसत पुन्हा म्हणायला लावलं.

पुढं घरात काहीही कार्य असलं की ही लढाई ठरलेली. "अस्क जिंकले, मग हरलें कोण?" राव म्हैसूरपाक तोंडात टाकत विचारायचे.

मालतीला मुलगी झाली तेव्हा राव हयात नव्हते. बारशाला त्यांचं गाणं माझ्यावर आलं. उभी राहून पहिली ओळ कशीबशी म्हटली आणि थांबले. तेवढ्यात आजी उठली. तिनं आपलं गाणं घेतलं नाही. मोडक्यातोडक्या मराठीत रावांचं म्हटलं, अगदी शेवटपर्यंत. हे कधी शिकलात, मालती रडत विचारू लागली.

"आज त्यांना जिंकू दे," आजी तमिळमध्ये म्हणाली.

आम्ही अस्क उभे होतो.