कुलपाआडचा ओला चुना

कारंजा लाडमध्ये एके काळी मलायाच्या सुलतानाचा दरबार होता. पिवळी राजछत्री, सोनेरी जरीचं वस्त्र, नागमोडी पात्याचा खंजीर, चांदीचा पानाचा डबा... सगळं जिथल्या तिथं. दरबाराची वेळ सकाळी नऊ ते बारा. जागा, सरकीच्या गोदामावरच्या माडीतल्या दोन खोल्या. जिना चढताना जपून जावं लागे, कारण तिसरी पायरी नव्हती.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. असं सगळेच सांगतात, हेही मला ठाऊक आहे. पण माझ्याकडे पुरावा आहे. आमच्या शाळेमागच्या विहिरीवर हडळ असल्याची बोलवा उठली, तेव्हा मी आठ दिवस त्या विहिरीच्या काठावर बसून डबा खाल्ला. हडळ आली नाही. माकडं आली.

तर गोष्ट १९५४ च्या हिवाळ्यातली. कारंजा आता वाशीम जिल्ह्यात आहे, तेव्हा अकोल्यात होतं. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवत असे. माझं अक्षर बरं होतं, आणि या एका गुणापायी मी त्या दरबारात ओढला गेलो. दरबाराचे मालक बळवंतराव. गाव त्यांना कंपौंडरसाहेब म्हणे. अठरा वर्षं ते मलायात रबराच्या मळ्यावरच्या दवाखान्यात कंपौंडर होते. लढाई संपल्यावर तीन ट्रंका घेऊन परत आले आणि त्यांनी माडीवर पाटी लावली - ‘मलाया राजवैभव व लोकसंस्कृती संग्रहालय’. पाटी खोलीपेक्षा लांब होती. तिचं शेवटचं अक्षर शेजारच्या शिंप्याच्या हद्दीत गेलं होतं, त्यावरून थोडी कुरबुरही झाली.

या वस्तू त्यांना सुलतानाने दिल्या, असं साहेब सांगत. सुलतानाच्या मामाचं गळू त्यांनी बरं केलं होतं म्हणे. मामाच्या गळवावर एवढी बिदागी मिळत असेल तर सगळ्या राजघराण्यांची तब्येत कशी असेल, असा विचार माझ्या मनात येई. मी तो बोलून दाखवत नसे. साहेब मनाने चांगले होते आणि चहा भरपूर दुधाचा देत.

त्यांचं भाषण ठरलेलं. छत्रीपाशी आले की, “पिवळा रंग फक्त राजघराण्याचा! बाहेरच्या माणसाने तो अंगावर घातला तर शिक्षा.” एकदा हे सांगत असतानाच अंगावरची हळद न उतरलेली एक नवरी नवऱ्यामागून दारात उभी राहिली. साहेब थेट नारळ खवायच्या पाटाकडे वळले.

खरं सांगायचं तर राजवैभवापेक्षा तो पाटच मला आवडे. सशाच्या आकाराचा, पाठीवर बसून तोंडातल्या दातांवर नारळ खवायचा. शिवाय वेताचा चेंडू, माणसाएवढा पतंग, विणलेल्या चटया. खेड्यातल्या बाया सुलतानाच्या खंजिराकडे पाहतसुद्धा नसत. सशाभोवती मात्र गर्दी होई. “बसा याले बरं हाये हो, आपल्या विळीसारखं कंबरडं नाई मोडत.”

पानाचा डबा मात्र साहेबांचा जीव की प्राण. सागवानी कपाट, पुढे काचेची दारं, पितळी कुलूप. किल्ली साहेबांच्या करगोट्याला. रोज दुपारी कुलपावर लाखेचा शिक्का मारत. ‘सुलतानाची मुद्रा’ म्हणत तिला. तो शिक्का मळ्यावरच्या दवाखान्याच्या पार्सलांचा होता. लाखेवर इंग्रजीत ‘मेडिसिन्स’ वाचता येई.

एका शनिवारी दुपारी मी डब्यासमोर ठेवायचं कार्ड लिहून आणलं. साहेबांनी कपाट उघडलं, मी कार्ड ठेवलं, दोघांनी मिळून काच वर्तमानपत्राने पुसली. डब्यातल्या वाट्या पाहिल्या... पान, सुपारी, चुना, कात, तंबाखू, सगळ्या रिकाम्या, कोरड्या ठाक. दसऱ्याला चिंचेने घासल्यापासून त्यांना काही शिवलं नव्हतं. मग कुलूप, मग लाख. हे सगळं मी पाहिलं, म्हणून एवढं बारकाईने लिहितोय.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी अकराच्या सुमारास मी दुसरी कार्डं लिहीत बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली. एक तिशीची बाई आणि मागे कापसाचे तंतू चिकटलेला एक गडी.

“मलायाचं घर हेच काय जी?” बाईने विचारलं.

गडी म्हणाला, “मी गनपत, इंझोरीचा. कापसाची गाडी आनली मार्केटात. हे माही वयनी, अनुसया. कवाची मांगं लागली का मले थे मलायाचं घर दाखवा म्हनून.”

साहेब भाषणाला सुरुवात करणार, तेवढ्यात बाईने त्यांना थांबवलं.

“साहेब, राजाचं मागून सांगा. तुमी मलायात होते ना? आमचं मानूस तिकडं गेलं. पलटनीत.”

मग गणपतने सांगितलं. त्याचा मोठा भाऊ किसन. बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती, म्हणून नाव त्यानेच सांगितलं. सिंगापूर पडलं तेव्हा तो तिथे होता. त्याआधी एक पत्र आलं होतं, मग सरकारी कागद... ‘बेपत्ता’. आता बारा वर्षं होत आली. बारा वर्षं खबर नसेल तर माणूस गेला असं धरतात, पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग बायकोचं कुंकू पुसतं, बांगड्या फुटतात. या अवसेला ते करायचं ठरलं होतं. सासू अंथरुणाला खिळलेली. लेकाला एकदाचं वाटेला लावून मगच डोळे मिटीन, म्हणत होती.

“आन् हे आयकत नाई,” गणपत म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “मायचे दिस भरत आले, साहेब. दोघींच्या मधात मी.”

“पानाच्या बाहुल्यासाठी मी बांगड्या फोडनार नाई,” बाई शांतपणे म्हणाली. “कोनी तं सांगा मले. हाये का नाई. तुमी पाह्यलं असन तं सांगा.”

साहेबांकडे एरवी प्रत्येक प्रश्नाला सुलतान असे. त्या दिवशी नव्हता. “लय मानसं पाह्यली, बाई,” ते म्हणाले. शुद्ध बोलणारा हा माणूस एकाएकी वऱ्हाडीत आला होता. “जपान्यायनं कामाले लावलेली. दवाखान्यात येत. दवाई नोती. मी नावं नाई इचारली... इचारली असती तं राह्यली असती ध्यानात. म्हनूनच नाई इचारली.”

बाई खोलीत फिरू लागली. छत्री, खंजीर, ससा, कशासमोर थांबली नाही. डब्याच्या कपाटापाशी मात्र थांबली.

“इथं कोनं पान खाल्लं?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पान खातो. “मास्तर?”

“खातो,” मी म्हणालो. “पण कपाटात बसून खात नाही.”

तिने बोट दाखवलं. काचेच्या आत, डाव्या बाजूच्या सागवानी खांबावर, चुन्याची तीन बोटं ओढलेली होती. पान लावून झाल्यावर बोटाला उरलेला चुना माणसं चौकटीला पुसतात ना, तशी. पण बोटं बारीक, आणि खालून वर ओढलेली. उन्हाची तिरीप त्यावर पडली होती... चुना ओला होता.

कुलपावरची लाख तशीच होती. ‘मेडिसिन्स’ अक्षरं शाबूत.

“करंगळीची हायेत,” बाई म्हणाली. “त्यायचं उजव्या हाताचं पयलं बोट नोतं. कडबा तोडताना गेलं. तवापासून चुना करंगळीनं घेत, आन् चौकटीले पुसत, खालून वर. रोज. मी रोज पुसो.”

“वयनी...” गणपत पुढे होऊन खांबाकडे वाकला. मग तो आमच्याकडे वळून म्हणाला, “घरी चौकटीले चुन्याचं एक बोट हाये अजून. शेवटचं. दर दिवाळीले सारं घर सारवते, पन थे चौकट रंगवू देत नाई कोनाले. माय लय बोंबलली.”

साहेबांनी करगोट्याची किल्ली सोडली. लाख फुटून जमिनीवर पडली. दार उघडलं. पहिल्यांदा मी वाट्या पाहिल्या. चुन्याची वाटी कोरडी. आत कालचाच धुळीचा कण. माझं कार्ड जिथल्या तिथे. मग मी खांबाला बोट लावलं. बोटाला ओला चुना आला. जिभेला लावून पाहिला. शंका फेडायला माझ्याकडे तेवढंच साधन होतं. चुनाच होता, ताजा. जीभ भाजली.

“मी लावू का हात?” बाईने विचारलं.

या डब्याजवळ सुलतानाशिवाय कुणी हात न्यायचा नाही, हे वाक्य मी साहेबांच्या तोंडून किमान शंभर वेळा ऐकलं होतं. साहेब बाजूला झाले.

तिने काही केलं नाही. रडली नाही, हात जोडले नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ते तीन पट्टे पुसून काढले. वरून खाली, नीट, कोपऱ्यात राहिलेलंसुद्धा. रोजचं काम उरकावं तसं. मग पदर झटकला.

“भाऊजी, अवसेले ठेवा.”

“वयनी, पन हे तं... हे पाहून तं मले वाटलं का तू म्हनशीन, दादा हाये म्हनून!”

“जितं मानूस कुलपाआड कसं जाईन? खुळे झाले काय तुमी?” ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, “सांगाले आले. बारा वर्सं लागली त्यायले. दूरचा रस्ता हाये.”

जिन्यापर्यंत गेली आणि मागे वळली. माझ्याशी नाही, साहेबांशीही नाही, गणपतशीच बोलली.

“पुतळ्याचा हात करसान तं पयलं बोट नका करू. उजव्या हाताचं. नाई तं दुसऱ्याच कोनाले जाईन.”

तिसरी पायरी नाही हे सांगायला मी धावलो, पण ती चढताना मोजून आली होती.

पुढच्या बाजाराला गणपत भेटला. अवसेला सगळं झालं. पुतळ्याला उजव्या हाताची चारच बोटं केली. भटजी कुरकुरले, पण म्हातारीने अंथरुणातून दम दिला. नंतर अनुसयाबाईने स्वतःच चौकट पुसली आणि गणपतला म्हणाली, रंग आणा.

मी माझ्यापरीने शोध घेतला. सुताराला बोलावून कपाटाचा मागचा भाग तपासला, फट नाही. भिंतीचा चुना ओलीने पाझरला असेल म्हणावं तर हिवाळा, खडखडीत हवा, आणि पाझर करंगळीच्या मापाने, खालून वर येत नाही. बाईनेच काही केलं असेल म्हणावं तर काच मधे होती. साहेबांनी? मी त्यांच्यावरही संशय घेतला, हे लाजत कबूल करतो. पण त्यांना किसनच्या बोटाची गोष्ट कुठून माहीत असणार? आणि खोटं बोलायचं असतं तर त्यांनी सुलतानाला आणलं असतं. इंझोरीच्या शिपायाला नाही. बरीच वर्षं झाली. माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा, फक्त हडळीचं नको.

त्यानंतरच्या आठवड्यात साहेबांनी मला एक छोटी पाटी लिहायला सांगितली. ‘कृपया येथे चुना पुसू नये.’ मी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहून दिली. त्यांनी ती डब्याच्या कपाटात, डाव्या खांबाजवळ टांगली. अक्षरं आतल्या बाजूला. पाहणाऱ्यांना पाटीची कोरी पाठ दिसायची.