न विचारलेल्या प्रश्नाचा होकार

माझा शेजारी इमारतींच्या लिफ्ट तपासतो. दोर, ब्रेक, दरवाजे स्वतः चाचपून पाहिल्याशिवाय तीस वर्षांत त्याने एकाही कागदावर सही केलेली नाही. अशा माणसाला धाकट्या बहिणीने आपल्या तान्ह्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्यात तिच्या वतीने उत्तर देणारा, व्हायला सांगितलं. त्या वेळी सगळ्यांदेखत चर्चचे पाळक विचारणार, ‘तुमचा देवावर विश्वास आहे काय?’ आपला विश्वास आहे की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. चर्चला तो लहानपणापासून जात होता, पण रोज दाढी करावी तसा.

“दादा, ‘हो’ म्हणायला काय जातं तुझं?” बहीण म्हणाली.

“आणि नसला तर?”

“तर माझ्या दिराला उभं करते. तो कशालाही हो म्हणतो.”

हे वर्मी लागलं. त्याला स्वतःचं मूलबाळ नाही, आणि ही पोर त्याचं बोट धरून झोपायची.

तो पाळकांकडे गेला आणि सरळ देव असल्याचा पुरावाच मागितला. पाळक स्टुलावर चढून दिवा बदलत होते.

“पुरावा असता तर तुम्हाला विचारलं कशाला असतं?” ते वरूनच म्हणाले. “तुम्ही मोकळे आहात. नाही म्हणालात तरी चहा मिळेल.”

तो परतला तो जास्तच गोंधळून. “बांधून ठेवलं असतं तर सुटायची धडपड तरी केली असती,” मला म्हणाला. मी मान हलवली; या विषयात मी स्वतः काठावर बसणारा.

रविवारी पाळकांनी त्याच्याकडे बघून नुसता घसा खाकरला, आणि हा खणखणीत म्हणाला, “हो!”

“अजून विचारलं नाही,” पाळक म्हणाले. चर्च हसलं. दीर जरा जास्तच.

मग त्यांनी सावकाश विचारलं. आता मात्र हा पोरीकडे बघत राहिला. बहिणीचा चेहरा उतरला. पोरीने जांभई दिली. चाचपायला हाताशी काही नव्हतं, आणि नाही म्हटलं असतं तर अडवणारंही कोणी नव्हतं.

“हो,” तो पुटपुटला.

बाहेर पायरीवर तो पोरीला मांडीवर घेऊन बसला होता, तिथे बहिणीने गाठलंच. “मनापासून म्हणालास ना रे?”

“दोनदा म्हणालो. एक आपोआप निघाला, एक मी काढला. मनापासूनचा कुठला, कळत नाही.”

“मग आता?”

“आता शोधायला हवं. म्हणून तर बसलोय,” तो म्हणाला, आणि पोरीचं ओलं डोकं रुमालाने टिपू लागला.