जेरे मॅडमचं कुणी ऐकत नाही

आमच्या किटवे शहरातल्या आम्लाच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर नेमकं करतो काय, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पंप बिघडला तर फिटर, वायर जळली तर वायरमन. मग ही थोकोझिले जेरे दिवसभर हेल्मेट घालून पाइप हुंगत का फिरते? ती वैतागून म्हणायची, "आत किती गेलं, बाहेर किती आलं आणि मधे काय झालं, याचा जाब मला द्यावा लागतो!"

तीन आठवडे ती डोकं फोडत होती. आम्लात लोखंड वाढत होतं. म्हणजे आम्ल थंड करणारा कूलर गळतोय, आम्लात पाणी शिरतंय आणि पातळ झालेलं आम्ल पाइप कुरतडतंय. पण लॅबच्या वहीत आम्ल दर तासाला अठ्ठ्याण्णव टक्के कडक. मॅनेजर वहीकडे बोट दाखवायचे. "सगळं ठीक आहे. प्लांट कशाला बंद करू?"

वही बा कासोंदेंची, आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्यांची. नमुन्यात थेंबाथेंबानं आम्लारीचं द्रावण सोडायचं आणि रंग पालटला की थांबायचं; जितके थेंब जास्त, तितकं आम्ल कडक. मोतीबिंदूमुळे त्यांना रंग उशिरा दिसे, थेंब जास्त पडत आणि आम्ल कागदावर कडक ठरे. वीस वर्षं मी शेजारच्या टेबलावर. मला सगळं दिसत होतं. पण आम्हा बेम्बा जमातीत वडीलधाऱ्याचा आकडा खोडत नाहीत. माझ्या पाळीत मीही तोच लिहायचो.

शेवटी त्यांचं काम जवळून बघून मॅडमनं तोंडावर सांगितलं, "आजोबा, तुम्हाला रंग दिसत नाही!"

पण मॅडम पडली एन्गोनी जमातीची. एन्गोनी आणि बेम्बांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, राग धरायचा नाही, ही जुनी रीत. लॅब खिदळली.

"तुमचे वाडवडील लढाईत आमच्यापुढून पळाले, आता तुम्ही आमचे डोळे तपासता होय?" बा कासोंदे म्हणाले.

"अहो, मी थट्टा करत नाहीये!"

त्यावर तर आणखी हशा.

शुक्रवारी त्याच पाइपाखाली सहा रंगारी परांचीवर चढणार होते. मॅडम माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तू त्यांच्यातला. तुझं बोलणं थट्टा ठरणार नाही. बोल की रे बाबा!"

मी बा कासोंदेंच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "आजोबा, रंग मघाशीच पालटला. बरेच थेंब आधी."

त्यांनी थेंबांची तोटी बंद केली. "किती दिवस दिसतंय तुला?"

"तीन आठवडे."

"माझा मान राखायला तू माणसं त्या पाइपाखालून चालवलीस?"

त्यांनी स्वतः मॅनेजरांना फोन केला. प्लांट थांबला. पाइप उतरवला तेव्हा त्याची जाडी पुठ्ठ्याएवढीच उरली होती.

मॅडमला ते अजूनही पळपुटी म्हणून चिडवतात, तीही तोंडाला तोंड देते. माझ्याशी मात्र ते त्या दिवसापासून बोललेले नाहीत.